टाळ्या थांबल्यावर : कोल्हापुरांतील एक फेरी

करवीर क्षेत्रीं येणारा यात्रेकरू प्रथम अंबाबाईच्या दर्शनास जातो, मग पंचगंगेच्या घाटावर, आणि सायंकाळीं रंकाळ्याच्या कांठीं. कुस्तीची आवड असली तर खासबागेचें मैदान, इतिहासाची असली तर पन्हाळगड, आणि परततांना गुळाची ढेप व कोल्हापुरी चपला, असा हा क्रम ठरून गेलेला आहे. या रुळलेल्या वाटा सोडून या लेखांत वाचकांना निराळ्या वाटेनें नेण्याचा विचार आहे. कोल्हापुरानें महाराष्ट्राला नट दिले, गवई दिले, चित्रपट दिला, हें सर्वांना ठाऊक आहे. पण ही दौलत कांहीं अंशीं मुलांच्या खांद्यांवर उभी राहिली, ही गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. ज्या वयांत पाटीवर अक्षरें गिरवावीं, त्या वयांत तोंडाला रंग लावून उभीं राहिलेलीं मुलें या शहरांत जन्मलीं, वाढलीं, येथून बाहेर गेलीं, आणि कांहीं बाहेरून येऊन येथेंच विसावलीं. त्यांच्यासाठीं झालेल्या टाळ्या पुष्कळांनीं ऐकल्या. टाळ्या थांबल्यावर त्या मुलांचें काय झालें, हें पाहण्यासाठीं ही फेरी आहे.

आरंभ खासबागेपासूनच करूं. शाहू महाराज १९०२ सालीं विलायतेच्या प्रवासास गेले असतां त्यांनीं रोम येथील प्राचीन क्रीडागार पाहिलें, आणि त्या धर्तीवर आपल्या राजधानींत कुस्त्यांचें हें प्रचंड मैदान उभारलें. त्याला लागूनच त्यांनीं एक नाट्यगृह बांधविलें. तें १९१५ सालीं पुरें झालें. त्या वेळीं त्याचें नांव पॅलेस थिएटर असें होतें. मल्लविद्या आणि नाट्यविद्या या दोन बहिणी एकाच भिंतीच्या दोन्ही अंगांना नांदाव्यात, ही कल्पना त्या राजालाच सुचावी! पुढें या नाट्यगृहाला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचें नांव देण्यांत आलें. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं या वास्तूला आग लागली, आणि ज्या रंगमंचावर महाराष्ट्रांतील नामवंत नटांचे पाय लागले होते तो रंगमंच जळून गेला. दुसऱ्या दिवशीं, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. आपल्या नटाच्या जन्मदिवसाच्या आदल्या रात्रीं त्याचें घर जळावें, या योगायोगानें कोल्हापूरकरांचें मन किती विदीर्ण झालें असेल हें सांगावयास नको.

केशवरावांचा जन्म १८९० सालचा, याच शहरांतला. लहानपणींच पितृछत्र हरपलें आणि घरीं अठराविश्वे दारिद्र्य. अशा घरांतल्या गोड गळ्याच्या मुलाला त्या काळीं एकच दार उघडें असे, आणि तें म्हणजे नाटक मंडळीचें. केशव हा जानूभाऊ निमकर यांच्या स्वदेशहितचिंतक नाटक मंडळींत दाखल झाला. गोविंद बल्लाळ देवल यांचें 'शारदा' हें नाटक रंगभूमीवर आलें तें १८९९ सालीं. जरठकुमारी विवाहाच्या चालीवर कोरडे ओढणाऱ्या त्या नाटकांतील शारदेची भूमिका हा लहानगा मुलगा करूं लागला, आणि त्याच्या आवाजानें नाटकगृहें भरूं लागलीं. म्हाताऱ्या नवऱ्याच्या गळ्यांत बांधल्या जाणाऱ्या मुलीचें दुःख एक पोरका मुलगा गाऊन दाखवीत होता. दोघांनाही स्वतःच्या आयुष्याचा निर्णय करण्याचा अधिकार नव्हता, हें त्या वेळीं प्रेक्षकांच्या ध्यानांत आलें असेल काय?

नाटक मंडळीचें बिऱ्हाड म्हणजे एक फिरतें एकत्र कुटुंबच असे. मालक हे घरचे कर्ते पुरुष. त्यांच्या शिस्तींत मुलांचें जेवणखाण, गाण्याची तालीम आणि पाठांतर चाले. गांव बदले, पण दिनक्रम बदलत नसे. मुलाचा कंठ गोड आहे तोंवर त्याचे लाड होत. परंतु बारा-चौदा वर्षांचें वय आलें कीं प्रत्येक मुलाच्या मागें एक काळजी लागे. ती म्हणजे आवाज फुटण्याची. काल ज्याच्या एका तानेवर सारें नाटकगृह डोलत होतें, त्याचा स्वर एके दिवशीं घोगरा होई, आणि मग तो मुलगा पडदे ओढण्याच्या कामीं लागे, नाहींतर घरची वाट धरी. अशा किती मुलांचीं नांवें आज कोणाला आठवतात? एक केशवराव लक्षांत राहिला, तो आवाज टिकला म्हणून; आणि त्याहीपेक्षां, आवाजाखेरीज दुसरेंही कांहीं त्यानें हस्तगत केलें होतें म्हणून.

हें दुसरें कांहीं म्हणजे धंद्याचें ज्ञान. मंडळी कशी चालते, नट कसा निवडावा, पडद्यावर पैसा किती खर्चावा, हें त्यानें पाहून पाहून शिकून घेतलें होतें. १ जानेवारी १९०८ रोजीं हुबळी मुक्कामीं केशवरावांनीं ललितकलादर्श नाटक मंडळीची स्थापना केली, तेव्हां त्यांचें वय अवघें सतरा वर्षांचें होतें. म्हणजे जें मूल दुसऱ्याच्या मंडळींत पगारावर वाढलें तें मिसरूड फुटतें न फुटतें तोंच मालक झालें. त्यांच्या मंडळीसाठीं आनंदराव व बाबूराव पेंटर यांनीं पडदे रंगविले. वीर वामनराव जोशी यांचें 'राक्षसी महत्त्वाकांक्षा', मामा वरेरकर यांचें 'हाच मुलाचा बाप' अशीं नवीं नाटकें त्यांनीं रंगभूमीवर आणलीं. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठीं 'मानापमान' नाटकाचा संयुक्त प्रयोग झाला. त्यांत केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी होते. महाराष्ट्रांतील दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे मालक एका रंगमंचावर उभे राहिले, या गोष्टीची आठवण पुढें कित्येक वर्षें घराघरांतून निघत असे. त्यानंतर तीन महिन्यांच्या आंतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजीं, केशवराव विषमज्वरानें वारले. वयाचीं एकतीस वर्षें नुकतीं पुरीं झालीं होतीं. मंडळी मात्र बुडाली नाहीं. बापूराव पेंढारकरांनीं आणि त्यांच्या मागून भालचंद्र पेंढारकरांनीं ती चालविली.

केशवरावांचें चरित्र वाचतांना एक गोष्ट जाणवते. त्यांच्या आयुष्यांत बालपण आणि कर्तेपण यांच्यामध्यें रिकामी जागाच नव्हती. ज्याला आपण उमेदवारीचा काळ म्हणतों, चुका करण्याची, हिंडण्याची, कांहींही न होण्याची जी चार-दोन वर्षें प्रत्येक मुलाच्या वांट्याला येतात, तीं त्यांच्या वांट्याला आलीं नाहींत. तथापि त्यांना एक मोठी सवलत होती. ते मुलगा होते. ज्या कलेनें त्यांना लहानपणीं कीर्ति दिली तिच्याच आधारें पुढें वाढण्यास समाजाची आडकाठी नव्हती. स्त्रीवेष उतरवून पुरुषवेष धारण केला, एवढाच काय तो फरक! हें येथें मुद्दाम नमूद करण्याचें कारण या फेरीच्या पुढच्या मुक्कामांवर स्पष्ट होईल.

नाट्यगृहापासून थोड्याच अंतरावर खरी कॉर्नर हा भाग लागतो. तेथें एक स्मारक आहे आणि त्यावर कोणा वीराचा पुतळा नसून कॅमेऱ्याची प्रतिकृति आहे. ज्या बाबूराव पेंटरांनीं केशवरावांचे पडदे रंगविले त्यांच्या उद्योगाचें हें स्मारक होय. आनंदराव आणि बाबूराव हे आतेमामेभाऊ. चित्रें हलावीत या ध्यासानें त्यांनीं स्वदेशी कॅमेरा घडविण्याचा उद्योग आरंभिला. १९१६ सालीं आनंदराव वारले. बाबूरावांनीं काम पुढें नेऊन १९१८ सालीं कॅमेरा सिद्ध केला, आणि गायिका तानीबाई कागलकर यांच्या आर्थिक साहाय्यानें महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिचा पहिला चित्रपट 'सैरंध्री' १९२० सालीं पुण्याच्या आर्यन चित्रगृहांत लागला. त्यांत दोन स्त्रियांनीं भूमिका केल्या. त्यांचीं खरीं नांवें गुलाबबाई व अनसूयाबाई. पडद्यावर त्या कमलादेवी व सुशीलादेवी झाल्या. नाटकांत मुलगे स्त्रिया होत. येथें स्त्रिया स्त्रियाच राहिल्या, पण नांव मात्र त्यांना बदलावें लागलें. नांव बदलण्याची ही रीत पुढें आपल्याला आणखी एकदां भेटणार आहे.

याच कंपनींत १९२० सालीं शांताराम वणकुद्रे नांवाचा एक तरुण कामास लागला. तोही एके काळचा बालनट. लहानपणीं गंधर्व नाटक मंडळींत कांहीं दिवस काढून, तेथें जम न बसल्यामुळें परत आलेला. मधल्या काळांत त्यानें हुबळीच्या रेल्वे कारखान्यांत काम केलें होतें. नाटकांतून परत आलेला हा मुलगा कॅमेऱ्याच्या मागें उभा राहिला आणि व्ही. शांताराम झाला. १ जून १९२९ रोजीं दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी यांच्यासह त्यांनीं कोल्हापुरांतच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. १९३३ सालीं ती पुण्यास गेली. बालपणीं न मिळालेली कीर्ति कधीं कधीं वरदान ठरते, याचें हें उत्तम उदाहरण होय. जो फार लवकर यशस्वी होत नाहीं, त्याला दुसरें कांहीं शिकण्यास सवड मिळते.

चित्रपट बोलूं लागल्यावर मुलांची गरज वाढली. गाणारीं, स्पष्ट बोलणारीं, रडतांना पाहणाऱ्याला रडविणारीं मुलें हवीं झालीं. त्यांच्या नांवामागें 'मास्टर' किंवा 'बेबी' हें इंग्रजी उपपद लागूं लागलें. उपपद लावतांना कोणी त्याची मुदत ठरवीत नसे. त्यामुळें मास्टर विठ्ठल, मास्टर विनायक हे पोक्त वयांतही मास्टरच राहिले. मुलाच्या अंगावरचा अंगरखा तो वाढला कीं आंखूड होतो आणि आपण तो बदलतों. नांवाला मात्र ती सोय नाहीं.

आतां आपण जयप्रभा स्टुडिओच्या दाराशीं येऊं. राजाश्रयानें १९३३ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या कोल्हापूर सिनेटोनची ही जागा. पुढें ती भालजी पेंढारकरांकडे आली. १९४८ सालीं गांधीजींच्या वधानंतर उसळलेल्या दंगलींत हा स्टुडिओ जाळण्यांत आला. भालजींनीं तो पुन्हां उभारला. १९५९ सालीं त्यांनीं तो ज्यांना विकला त्या होत्या लता मंगेशकर. एक गायिका कोल्हापुरांतील स्टुडिओ कां घेते, हें समजण्यासाठीं आणखी सोळा-सतरा वर्षें मागें गेलें पाहिजे.

२४ एप्रिल १९४२ रोजीं मास्टर दीनानाथ वारले. थोरली मुलगी लता त्या वेळीं बारा वर्षांची होती. तिच्या मागें चार धाकटीं भावंडें. दीनानाथ स्वतः बालनट म्हणूनच किर्लोस्कर मंडळींत आले होते. आणि आतां त्यांच्या मुलीवरही तीच पाळी आली. त्याच वर्षीं 'पहिली मंगळागौर' या चित्रपटांत तिनें लहानशी भूमिका केली. मास्टर विनायक यांनीं या कुटुंबाला आधार दिला. त्यांच्या प्रफुल्ल पिक्चर्स या संस्थेंत लता पगारावर राहिली आणि मंगेशकर कुटुंब कोल्हापुरास आलें. 'माझे बाळ' (१९४३), 'गजाभाऊ' (१९४४) हे त्या काळचे चित्रपट. 'माझे बाळ'मध्येंच धाकट्या आशानें प्रथम पार्श्वगायन केलें. रंग लावून दिव्यांसमोर उभें राहणें आपणांस कधींच आवडलें नाहीं, असें लताबाईंनीं पुढें अनेकदां सांगितलें. परंतु चुलीला आवडनिवड कळत नाहीं. १९४५ सालीं संस्था मुंबईस गेली, तिच्याबरोबर लताही गेली, आणि १९४९ सालच्या 'महल'नंतर तिला पुन्हां अभिनयाच्या पगाराकडे पाहावें लागलें नाहीं. वडिलांनीं दिलेल्या सुरांनीं तिला दिव्यांपासून सोडविलें. लहानपणीं ज्या गांवानें पोटास दिलें, त्या गांवचा स्टुडिओ तिनें पुढें विकत घेतला.

मास्टर विनायकांनीं दुसऱ्याच्या मुलांना आधार दिला. त्यांच्या स्वतःच्या मुलीची कथा मात्र निराळी झाली. नंदा हिचा जन्म कोल्हापुरांतला, १९३९ सालचा. १९ ऑगस्ट १९४७ रोजीं विनायकराव अकालीं वारले. 'मंदिर' हा चित्रपट अपुरा राहिला होता. दिनकर पाटील यांनीं तो पुरा केला आणि १९४८ सालीं तो लागला, त्या वेळीं 'बेबी नंदा' हें नांव लोकांच्या तोंडीं आलें. खेळण्या-बागडण्याच्या वयांतली ही मुलगी घरच्या मिळवत्यांपैकीं एक झाली. पुढें १९५६ सालीं व्ही. शांताराम यांनीं तिला 'तूफान और दिया'मध्यें प्रमुख भूमिका दिली आणि 'बेबी' हें उपपद गळून पडलें. 'छोटी बहन' (१९५९) हा चित्रपट गाजला, 'आँचल' (१९६०) या चित्रपटाबद्दल तिला पारितोषिक मिळालें, 'जब जब फूल खिले' (१९६५) देशभर चालला. बालनटीला पुढें नायिका होतां येत नाहीं, हा समज तिनें खोटा ठरविला, यांत संशय नाहीं. परंतु त्याची दुसरीही बाजू पाहिली पाहिजे. आठ-नऊ वर्षांच्या वयांत सुरू झालेलें हें काम तीस वर्षांहून अधिक काळ चाललें. तिनें अखेरपर्यंत विवाह केला नाहीं. २५ मार्च २०१४ रोजीं तिचें मुंबईस निधन झालें. ज्या घरांत कर्ता पुरुष अचानक जातो, त्या घरांतील थोरल्या मुलीचें काय होतें हें आपल्या वाचकांना वेगळें सांगण्याची गरज नाहीं. कोणी शिक्षिका होते, कोणी कचेरींत लागते. नंदा पडद्यावर गेली, इतकेंच. कुटुंबाचा भार वाहणारें मूल थांबूं शकत नाहीं. त्याला यश मिळालें तरी तें थांबूं शकत नाहीं, आणि यश मिळालें म्हणून तर मुळींच थांबूं शकत नाहीं!

या फेरींतील शेवटची मुलगी येथें जन्मास आली नाहीं, पण तिच्या आयुष्याचा शेवट येथें झाला. तिची कथा थोडी सविस्तर सांगणें अवश्य आहे.

प्रभात कंपनी कोल्हापुराहून पुण्यास गेल्यावर अकरा वर्षांनीं, १९४४ सालीं, तिचा 'रामशास्त्री' हा चित्रपट निघाला. रामशास्त्री प्रभुणे यांचें नांव महाराष्ट्रांतील प्रत्येक सुशिक्षित घरांत आदरानें घेतलें जातें. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल खुद्द रघुनाथरावांना दोषी ठरविणारा हा निःस्पृह न्यायाधीश. चित्रपटांत मोठ्या रामशास्त्र्यांची भूमिका गजानन जागीरदार यांनीं केली. पण चित्रपटाच्या आरंभीं लहान राम आहे आणि त्याची चिमुरडी पत्नी आहे. राम झाला होता अनंत मराठे, आणि ती बालवधू झाली होती शकुंतला महाजन, अर्थात् बेबी शकुंतला. तिचा जन्म १९३२ सालचा. म्हणजे वय अकरा-बारा वर्षांचें. त्या दोन मुलांच्या वांट्याला आलेलें द्वंद्वगीत महाराष्ट्राच्या कानांत असें बसलें कीं आज ऐंशी वर्षांनंतरही भावगीतांच्या बैठकींत कोणी ना कोणी तें म्हणावयास सांगतो. चित्रपट न पाहिलेल्या तरुण मुलांनाही तें येतें.

चित्रपटाची एक मोठी सोय असते. राम विद्येसाठीं काशीस जातो, आणि पाहतां पाहतां पडद्यावर वर्षें उलटतात. मुलें जातात, त्यांच्या जागीं मोठीं माणसें येतात. प्रेक्षकाला या मधल्या वर्षांशीं कांहीं कर्तव्य नसतें. परंतु ज्या मुलीनें बालवधूचें काम केलें तिला तीं वर्षें ओलांडून उडी मारतां येत नाहीं. तिला तीं एकेक करून जगावीं लागतात. आरशांतला चेहरा बदलत असतो, लोकांच्या मनांतला मात्र बदलत नाहीं. रस्त्यानें जातांना लोक ज्या मुलीला ओळखतात ती मुलगी आपण आतां नाहीं, आणि जी आपण आहों तिला अजून कोणी ओळखत नाहीं, अशी ही अवस्था असते. पुष्कळ बालनटांचीं आयुष्यें या अवस्थेंत कोमेजलीं.

शकुंतलाबाईंनीं ही वाट चांगल्या रीतीनें ओलांडली. त्या मराठींत आणि हिंदींत सतत काम करीत राहिल्या. १९५० सालच्या 'परदेस' या हिंदी चित्रपटांत मधुबालेबरोबर त्या होत्या. १९५३ सालच्या 'फरेब'मध्यें तर किशोरकुमार यांच्या नायिका झाल्या. म्हणजे बालनटी ते नायिका हा कठीण घाट त्यांनीं नंदाच्या आधीं चढून दाखविला होता. वय एकवीस. दारांत काम उभें होतें. आणि याच वेळीं, १९५४ सालीं, त्यांचा विवाह झाला. नाडगोंडे या इनामदार घराण्यांत त्या सून म्हणून गेल्या. शकुंतलेच्या उमादेवी झाल्या आणि चित्रपटसृष्टींतून त्या कायमच्या बाहेर पडल्या. पडदा पडला तो पुन्हां वर गेला नाहीं.

सासरीं गेलेल्या मुलीचें नांव बदलणें ही आपल्याकडची जुनी चाल. लग्नांत तांदळाच्या ताटांत सोन्याच्या अंगठीनें नवें नांव लिहितात, आणि जुनें नांव माहेरच्या माणसांपुरतें उरतें. परंतु येथें जें नांव मागें राहिलें तें एका घरापुरतें नव्हतें. तें चित्रगृहांच्या फलकांवर छापलें गेलें होतें. गुलाबबाईंना पडद्यावर येण्यासाठीं नांव बदलावें लागलें होतें; चौतीस वर्षांनीं पडद्यावरून उतरणाऱ्या शकुंतलाबाईंचेंही नांव बदललें. स्त्रीला घरांतून रंगभूमीवर जावयाचें असो वा रंगभूमीवरून घरांत, उंबरठ्यावर तिला आपलें नांव उतरवून ठेवावें लागे, हें या शहराच्या कलेच्या इतिहासांतलें एक बोलकें सत्य आहे.

अशा कथेपुढें दोन उद्गार सहज बाहेर पडतात. एक वर्ग म्हणतो, "केवढा त्याग! एवढी कीर्ति सोडून संसारांत रमली." दुसरा वर्ग म्हणतो, "केवढी हानि! एवढे गुण चार भिंतींत कोंडले." दोन्ही उद्गार घाईचे आहेत. पहिला म्हणणारे विसरतात कीं लग्नाबरोबर काम सोडावें अशी अपेक्षा पुरुष नटाकडून कोणी केली नव्हती. केशवरावांना घर आणि रंगभूमि यांतून एक निवडावयास कोणी सांगितलें नाहीं. दुसरा म्हणणारे विसरतात कीं अकराव्या वर्षापासून दिव्यांसमोर उभ्या असलेल्या मुलीला कधीं तरी त्या दिव्यांकडे पाठ फिरविण्याचाही हक्क आहे. नंदाला तो हक्क बजावण्याची संधि फार उशिरा मिळाली. शकुंतलाबाईंनीं एकविसाव्या वर्षीं पाठ फिरविली आणि त्यानंतर साठ वर्षें त्या उमादेवी म्हणून जगल्या. कीर्तीचीं दहा वर्षें, आणि गृहिणीपणाचीं साठ! चरित्रकाराचें सारें लक्ष त्या दहा वर्षांवर खिळतें. आयुष्य मात्र त्या साठांत घडलें. १८ जानेवारी २०१५ रोजीं कोल्हापुरांत वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षीं त्यांनीं देह ठेवला. दुसऱ्या दिवशींच्या वृत्तपत्रांत मथळे आले ते मात्र 'बेबी शकुंतला' या नांवाचे. ब्याऐंशी वर्षांच्या वृद्धेला लोकांनीं निरोप दिला तो अकरा वर्षांची मुलगी म्हणून. हें प्रेमच होतें. पण त्या प्रेमानें तिला मोठें होऊं दिलें नाहीं, हेंही खरेंच.

कोल्हापुरांतील या चार मुलांच्या कथा शेजारीं शेजारीं ठेवल्या म्हणजे एक गोष्ट स्पष्ट दिसते. लहानपणींची कीर्ति ही वाईटच असें म्हणतां येत नाहीं; तिनें केशवरावांना मालक केलें, मंगेशकर कुटुंबाला तारलें. खरा प्रश्न आहे तो मुलाला ती खालीं ठेवण्याची मोकळीक आहे कीं नाहीं, हा. केशवराव थांबले नाहींत, कारण त्यांना थांबावयाचें नव्हतें. लताबाईंना दुसरी वाट सांपडली. नंदाला थांबणें परवडणारें नव्हतें. शकुंतलाबाई थांबल्या, पण पुन्हां सुरू करण्याचें दार त्या काळाच्या रिवाजानें उघडें ठेवलें नव्हतें. चारही ठिकाणीं निर्णयाची किल्ली मुलाच्या हातांत नव्हती. ती होती घराच्या हातांत.

ही गोष्ट कोल्हापुरापुरती नाहीं. अमेरिकेंत १९२१ सालीं चार्ली चॅप्लिनबरोबर काम करून जॅकी कूगन नांवाचा मुलगा जगप्रसिद्ध झाला. तो वयांत आला तेव्हां त्याच्या मिळकतींतलें फारच थोडें शिल्लक उरलें होतें, कारण घरच्यांनींच ती खर्चून टाकली होती. त्यानें आईवर फिर्याद केली, आणि त्यांतून १९३९ सालीं कॅलिफोर्निया प्रांतांत बालनटांच्या पैशाच्या रक्षणाचा कायदा झाला. आपल्याकडे याला फार वर्षें लागलीं. बालकामगारविषयक कायद्यांत २०१६ सालीं दुरुस्ती झाली आणि २०१७ सालीं तिचे नियम आले. त्यांप्रमाणें मुलाकडून दिवसाकांठीं पांच तासांहून अधिक काम घेतां येत नाहीं, सलग तीन तासांनंतर विश्रांति द्यावी लागते, सत्तावीस दिवसांहून अधिक दिवस ओळीनें काम देतां येत नाहीं, आणि मिळकतीचा निदान शेंकडा २० भाग राष्ट्रीयीकृत बँकेंत त्या मुलाच्या नांवें मुदत ठेवींत टाकावा लागतो. शारदेचें काम करणाऱ्या मुलाला यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें.

आज नाटक मंडळ्यांचीं बिऱ्हाडें उरलीं नाहींत. परंतु दूरदर्शन संचावर गाण्याच्या नि नाचाच्या चढाओढी आहेत, आणि खिशांतल्या फोनवर तर प्रत्येक घरीं रंगमंच उभा आहे. सहा वर्षांची नात एखादें गाणें गोड म्हणते; काका तें टिपून घेतात; आत्या तें चारचौघांना पाठविते; आठवड्याभरांत हजारों अपरिचित माणसें तिला ओळखूं लागतात. घरांत आनंदीआनंद होतो. त्यांत वावगें कांहीं नाहीं. आपल्या मुलाचें कौतुक कोणाला नको? पण कोल्हापूरच्या या फेरींतून घरीं परततांना वडीलधाऱ्यांनीं एक प्रश्न मनांत आणावा. ही मुलगी उद्यां म्हणाली कीं, "आजोबा, आतां मला गावयाचें नाहीं, मला अंगणांत खेळावयाचें आहे," तर आपण तिला काय सांगूं? आणि पुढें दहा वर्षांनीं ती म्हणाली कीं, "मला पुन्हां गावयाचें आहे," तर तेव्हां काय सांगूं?

पॅलेस थिएटर जळालें, त्याच्या पुनर्बांधणीचें काम हातीं घेण्यांत आलें. जयप्रभा जळाला, तोही पुन्हां उभा राहिला. दगड-विटांच्या बाबतींत हें शहर हार जात नाहीं. मुलाचें बालपण मात्र एकदांच बांधलें जातें, आणि तें बांधणारे गवंडी आपण घरचीच माणसें असतों. मुलाच्या मिळकतीचा पांचवा हिस्सा बँकेंत ठेवा, असें कायदा सांगूं शकतो. त्याच्या वेळेचा, त्याच्या हट्टाचा, आणि 'नको' म्हणण्याच्या त्याच्या अधिकाराचा हिस्सा राखून ठेवणें हें काम घराचें आहे.